कूस बदलण्यापुरती जागा

वाळवंटात जाऊन आलेल्या गाडीत वाळू कधी आणि कुठून शिरते ते कळत नाही. झटकावी तितकी सीटखालून निघतच राहते. आमच्या दुकानातल्या किश्शांचं तसंच आहे. मी सांगायला बसतो एक, आणि मागून चार निघतात!

रियाधमध्ये शिकारीचं आणि कॅम्पिंगचं सामान विकतो आम्ही. मॅनेजर हमीदभाई, दापोलीचे. गोडाऊन सांभाळणारा शिरीष, कोल्हापूरचा, एकेकाळचा पैलवान. आणि मी रत्नागिरीचा, सेल्समन. थंडी सुरू झाली, शिकारीचे परवाने निघाले की गिऱ्हाइकांची रीघ लागते. निम्म्यांचा प्रश्न ठरलेला, "मी कुशीवर झोपतो. मी मावेन अशी स्लीपिंग बॅग आहे?"

साधा प्रश्न वाटतो ना? मलाही वाटला होता.

*

माझा पहिला आठवडा. इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, नुकताच हातात आलेला. एक गृहस्थ आले, म्हणाले, "कुशीवर झोपणाऱ्याला चांगली दे." मी त्यातल्या त्यात दिसायला झकास होती ती काढली. खांद्याकडून पायाकडे निमुळती, वर डोक्याला टोपी. ते गालिच्यावर आडवे होऊन आत शिरले. मी हनुवटीपर्यंत चेन लावली. त्यांनी कूस बदलली.

माणूस वळला, बॅग जागच्या जागी! त्यांचं तोंड टोपीच्या आतल्या कापडात, गुडघे अडकलेले, आणि चेनीत अस्तर गुंतलेलं. मी ओढतोय, चेन हलत नाही. आतून दोन्ही पाय झाडले जातायत. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून गिऱ्हाईक गुदमरतंय!

तेवढ्यात आतून अतिशय सभ्य आवाज आला, "भाऊ, हिचं दार कुठल्या बाजूला?"

हमीदभाई धावत आले आणि दोन बोटांनी त्यांना सोडवलं. गृहस्थ गेल्यावर मला म्हणाले, "बाबा, कुशीवर झोपलेला माणूस सरळ नसतो. गुडघे पुढे, ढुंगण मागे. त्याला कमरेशी रुंद हवी, पायाशीही रुंद हवी. आणि खाली जाड मॅट द्यायची. कमरेखाली बॅगेतली पिसं दबली की थंडी खालून चावते. समजलं?"

समजलं. जन्मात विसरणार नाही!

*

त्या दिवसापासून हमीदभाईंनी नियमच केला. आत झोपून, दोन्ही कुशींवर वळून पाहिल्याशिवाय बॅग विकायची नाही.

एक धिप्पाड ड्रायव्हरसाहेब आले. सगळ्यात रुंद बॅगेत शिरले, गुडघे पोटाशी घेतले, "ज़ैन, ज़ैन" म्हणजे छान, छान, म्हणाले आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं, अंदाज घेतायत. अंदाज घोरायला लागला! हमीदभाई म्हणाले, "राहू दे, लांबून आलाय बिचारा." थोड्या वेळानं असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजासाठी शटर खाली ओढून आम्ही गेलो. आत माणूस आहे हे तिघांच्याही डोक्यातून साफ गेलं!

परत येऊन शटर उघडलं. आमच्या पाठोपाठ एक गिऱ्हाईक आत आलं, त्याच बॅगेचं लेबल वाचायला वाकलं, आणि बॅग बोलली, "किती वाजले?"

तो माणूस ओरडून मागे तंबूंच्या ढिगाऱ्यात पडला. आम्हीही कमी ओरडलो नाही. तो उठला, कपडे झटकले, आत वाकून नीट पाहिलं आणि हमीदभाईंना म्हणाला, "हीच द्या. रिकामी असेल तर."

*

शिरीषला आम्ही माप म्हणून वापरतो. तो ज्या बॅगेत वळू शकतो, तिच्यात कुणीही वळू शकतं.

एकदा नवीन माल आला. शिरीष आत शिरला, दोन्ही गुडघे वर घेतले आणि कुस्तीत डाव मारतात तसा गर्रकन वळला. फर्र्! शिवण उसवली आणि शोरूमभर पिसंच पिसं. एसीच्या वाऱ्यावर बर्फासारखी तरंगायला लागली.

नेमकं त्याच वेळी काउंटरवर एक गिऱ्हाईक आपल्या शिकारी ससाण्याला डोळ्यांवरची नवी टोपी घालून पाहत होतं. जुनी काढलेली, नवी घालायची होती. म्हणजे पक्षी डोळे उघडे ठेवून बसलेला! त्यानं उडती पिसं पाहिली, पिसांच्या मधोमध वळवळणारं काहीतरी पाहिलं. दोरी हातातून सुटली. दुसऱ्या क्षणी ससाणा शिरीषच्या कमरेवर, नखं कापडात रुतलेली!

पक्ष्याचा मालक पांढराफटक. हात पुढे करून हळूच म्हणाला, "हलू नको. त्यानं आज काही खाल्लेलं नाही."

मी शिरीषला मराठीत सांगितलं. बॅगेतून रडवेला आवाज आला, "अरे, मी तरी कुठं खाल्लंय?"

*

थंडी सरता सरता एकजण बॅग परत घेऊन आला. तक्रार: पायाशी घट्ट आहे, गुडघे वळवले की टोचतं.

हमीदभाईंना हे लागलं. "पायाशी हिच्याइतकी रुंद बॅग अख्ख्या रियाधमध्ये नाही!" म्हणत त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. चाचपलं. मग थांबले. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"काय आहे?" मी विचारलं.

"बाही धरलीय."

"कुणी?"

त्यांनी हात बाहेर काढला. बाहीला तोंडानं लटकलेला हातभर लांब धब! धब म्हणजे आपल्या घोरपडीचा चुलतभाऊच, शेपटीला काटे असलेला. मी काउंटरवर चढलो. शिरीष माझ्या आधीच चढलेला होता. गिऱ्हाईक मात्र आनंदानं पुढे झालं, धबाला मानेशी धरून अलगद सोडवलं आणि म्हणालं, "आम्ही याला सगळ्या कॅम्पभर शोधला! मग बॅगेच्या मापात काही चूक नाही."

बॅग घेतली, धब घेतला, गेला!

*

गेल्या हिवाळ्यात दोन भाऊ आपल्या वडिलांना घेऊन आले. म्हातारबा उंच, काटकुळे, काठी टेकत. प्रकृती बरी नव्हती, डॉक्टरांनी कुशीवरच झोपा म्हणून सांगितलेलं, तरी यंदा मुलांबरोबर शिकारीला जायचंच म्हणून हटून बसलेले. थोरला मुलगा म्हणाला, "दुकानातली सगळ्यात मोकळी काढा. त्यांना त्रास होता कामा नये."

हमीदभाईंनी काढली. खाली दोन मॅट घातल्या. मुलांनी बापाला हाताला धरून आत निजवलं. ते उजव्या कुशीवर वळले, तळहात गालाखाली घेतला, डोळे मिटले.

आम्ही थांबलो. म्हातारबा हलेनात.

"याबा?" धाकट्यानं बापाला हाक मारली. "याबा!" थोरला गुडघ्यांवर बसला. हमीदभाईंनी नाकापुढे हात धरला. हमीदभाई दुआ पुटपुटायला लागले. मोबाइल हातात होता, पण ॲम्ब्युलन्सचा नंबर आठवेना. धाकटा तर रडायलाच लागला.

म्हातारबांनी एक डोळा उघडला.

"किब्ला कुठल्या बाजूला?"

हमीदभाईंनी मक्केच्या दिशेची भिंत दाखवली. म्हातारबा बॅगेसकट सरकत सरकत त्या भिंतीकडे तोंड करून निजले. पाय सरळ केले, कबरीत निजवतात अगदी तसे. मग आतल्या आत हात फिरवून पुढची जागा पाहिली, मागची जागा पाहिली.

"फार मोकळी आहे," ते म्हणाले.

"मोकळीच हवी ना, याबा!" थोरला डोळे पुसत म्हणाला. "कूस कशी बदलाल?"

म्हातारबा हमीदभाईंकडे पाहून हसले.

"अरुंद दाखव, बाळा. सवय झालेली बरी."