झेंडूची पोती आणि अडीचशे वॅट

वच्छलाबाईंबद्दल राजापेठेत कोणालाही विचारा, पहिलं वाक्य एकच ऐकू येईल: "बाई तोंडाची फटकळ आहे." असेल! फटकळ नसती तर इतकी वर्षं रस्त्याच्या कडेला स्वतःची फुलं स्वतः विकत बसली नसती. तिच्या बरोबरीच्या साऱ्यांनी कधीच हात टेकले आणि वावरातच व्यापाऱ्याला फुलं देऊन टाकली. ही मात्र बडनेऱ्याच्या पलीकडच्या मळ्यातून रोज सकाळी झेंडू घेऊन येते आणि माझ्या नारळ-उदबत्तीच्या दुकानाशेजारी पोतं अंथरते. मी खुशालराव. मलाही राग लवकर येतो हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रागातच सांगणार आहे.

पूर्वी ती ऑटोने यायची. ऑटोवाल्याची मर्जी असली तर वेळेवर, नसली तर उन्हं चढल्यावर. शेवटी मागच्या वर्षी तिने बॅटरीची स्कूटर घ्यायचं ठरवलं आणि मला सोबत नेलं. शोरूमचा मालक धर्मेंद्र, तोंडात साखर. बाईने उभ्या उभ्याच विचारलं, "तीन पोते फुलं आणतो मी. उड्डाणपूल चढून रोज याव लागते. चढीन का हे गाडी?"

"फुलंच ना काकू? फुलाले काय वजन असते!"

"पाणी मारलेल्या झेंडूचं पोतं उचलून पाह्य एकडाव. मंग बोल."

तो हसला आणि भिंतीवरच्या हातभर मोठ्या आकड्यावर थाप मारली. "बाराशे वॅट! पूल काय घेऊन बसल्या, चिखलदऱ्याले जाईन हे." वर लायसन्स नको, पासिंग नको. बाईने गाडी घेतली.

वर्षभर गाडी बरी चालली. बाई पहाटे फुलं तोडायची, पाणी मारायची, दोन पोती पायाशी, एक मागे, आणि ऑटोवाल्याच्या नावाने बोटं मोडत पूल चढायची. तिचं ते ऐटीत येणं बघून मलाच बरं वाटायचं.

आणि दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना पुलाच्या ऐन चढावर गाडीने दम सोडला. जळका वास आला, मोटर गेली. दसऱ्याच्या झेंडूवर बाईचं वर्ष निघतं हो! मळा पिवळाधमक झालेला, गाडी बंद, आणि ज्या व्यापाऱ्याला ती इतकी वर्षं नाही म्हणत आली तो दुसऱ्याच दिवशी मळ्याच्या धुऱ्यावर येऊन उभा. "आता तरी दे बाई," म्हणे. त्याला हाकलून ती माझ्याकडे आली आणि आम्ही गाडी लोटत शोरूमला नेली.

तिथे कंपनीचा इंजिनियर आला होता, गौरांग नावाचा. त्याने गाडी मोबाइलला जोडली आणि मोबाइल आमच्यापुढे धरला. "हा तुमचा राइड डेटा, काकू, गाडीतून रोज कंपनीला येतो. रोज पुलावर मोटर पाचशे वॅटच्या वर गेलीय. मोटर आहे अडीचशेची. हा ओव्हरलोड झाला. वॉरंटीत बसत नाही."

"अडीचशेची? अन् थे भितीवर बाराशे लिहिलं हाये, थे काय?"

"ती पीक पॉवर. जोर लावला तर काही सेकंदांपुरती. सतत चालवायचं रेटिंग अडीचशेच आहे."

मला हे कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा डोकं सटकलं. बंडी चिखलात रुतली की बैल एक हिसका देऊन ती बाहेर काढतो. म्हणून हा दिवसभर तेवढाच जोर लावतो असं सांगून कोणी बैल विकला, तर बाजारात त्याला उभा तरी करतील का? आणि इथे बघा! अडीचशेपर्यंतच्या मोटरला लायसन्स लागत नाही, म्हणून लायसन्सच्या वेळी मोटर अडीचशेची, विकताना बाराशेची, जळली की परत अडीचशेची. वा रे वा!

बरं, तो डेटा. पूल, वेग, वॅट, सगळं रोजचं रोज यांच्याकडे जात होतं. म्हणजे मोटरवर ताण येतोय हे यांना वर्षभर दिसत होतं. एक फोन केला का बाईला? नव्या ऑफरचे मेसेज मात्र न चुकता यायचे. गाडी तिची, रस्ता तिचा, आणि तो डेटा उघडला तोही तिच्याच अंगावर टाकायला!

मी तावातावाने बोलायला गेलो, तर बाईनेच मला थांबवलं. "चाला खुशालभाऊ." एवढंच. वच्छलाबाई गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली आणि मला तिची काळजी वाटली.

दसऱ्याच्या सकाळी ती भाड्याच्या ऑटोतून फुलं घेऊन आली आणि पोतं अंथरलं ते थेट शोरूमच्या दारात. दुकान बायकोवर सोपवून मी धावत गेलो. आत नव्या गाड्या न्यायला गर्दी. हाराशिवाय गाडी कोण नेतो? धर्मेंद्रलाही वाटलं, बाईचा रुसवा गेला, दाराशी झेंडू शोभूनच दिसेल. त्याने बसू दिलं.

चांदूर रेल्वेकडचे रामराव म्हणून एक भाजीवाले, तसलीच नवी स्कूटर घेऊन बायकोसह बाहेर आले आणि हार मागू लागले.

"काय नेता भाऊ या गाडीवर?" बाईने विचारलं.

"वांगे. दोन पोते."

"मंग या गाडीले माह्या फुलाचा हार नाही."

दसऱ्याच्या दिवशी फुलवाली हार नाही म्हणते! रांगेतली माणसं वळून पाहू लागली. बाईने बसल्या बसल्या सगळं सांगितलं, बाराशे कुठला आणि अडीचशे कुठला. रामरावांनी चावी धर्मेंद्रच्या हातात ठेवली. "हे गाडी दोन पोते रोज चढवीन, असं कागदावर लिहून दे. मंग नेतो."

धर्मेंद्रने लिहून दिलं नाही. तो बाईपाशी येऊन वाकला आणि हळूच म्हणाला, "काकू, तुमची मोटर आत्ता बदलून देतो. वॉरंटीत बसवतो. फक्त इथून उठा."

"आठ दिवसाआधी बसत नव्हती थे!" बाईचा आवाज साऱ्या रस्त्याने ऐकला. "आज कशी बसली?"

त्याने गौरांगला हाक मारली. गौरांगने मान खाली घालून नवी मोटर काढली आणि दुपारपर्यंत गाडी चालू करून दारात आणून उभी केली.

"झालं ना काकू? आता तरी उठा," धर्मेंद्र हात जोडून म्हणाला.

"उठू कायले? माही मोटर मले देली, उपकार नाही केले. माहे फुलं कुठं सरले अजून?"

एवढं बोलून तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि हारासाठी वाकलेल्या पुढच्या माणसाला विचारलं, "काय नेता भाऊ गाडीवर?"