यादीत नसलेला सांभार

“एन्सेफलायटिस,” अमरावतीचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूला आलेली सूज. मी विचारलं, “काय झालं मले?” त्यांनी सांगितलं. मी पुन्हा तेच विचारलं. यातलं मला काहीच आठवत नाही, नवऱ्याने नंतर सांगितलं. स्वतःचा आजार दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला, याचा राग अजून गेलेला नाही.

आधी नुसता ताप होता. आमचं भाजीचं दुकान. तापाला कोण विचारतो! मग एका सकाळी गिऱ्हाइकाला वांगी दिली आणि लगेच त्यालाच पुन्हा ‘काय देऊ?’ विचारलं. एमआरआय झाला, म्हणजे यंत्रातून काढलेले मेंदूचे फोटो. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. सलाइनमधून औषधं चालली. जीव वाचला. जुनं सगळं डोक्यात शाबूत होतं, आत्ताचं मात्र टिकेना. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “यांना घरात एकटं ठेवू नका. गॅस चालू राहिला तर?”

झालं! धामणगावहून माझी नणंद सुनीता राहायला आली. माणूस लाखात एक, पण बाथरूमच्या दारापर्यंत मागे. “वहिनी, कुठी चालल्या? वहिनी, गॅसजवळ नोका जाऊ!” मी घरभर येरझाऱ्या घालायची. खिडकी, दार, परत खिडकी. स्वतःच्या घरात थोडा वेळ एकटीने बसायचं, एवढंच मला हवं होतं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याच्या चिडचिडीवर चिडू नका. पाळत कुणालाच सोसत नाही.

मग अकोल्याला, स्मरणशक्तीची तपासणी करणाऱ्या मॅडमकडे नेलं. त्या पुण्याहून नवीनच आलेल्या. त्यांनी युक्ती शिकवली: जे लक्षात ठेवायचं ते ओळखीच्या जागी मनातल्या मनात मांडायचं आणि नंतर मनानेच तिथून फेरी मारायची. “स्वतःचं स्वयंपाकघर घ्या,” म्हणाल्या. घेतलं, पण सुनीताने सगळे डबे हलवलेले! तिखटाच्या जागी साखर. वैतागून मी स्वयंपाकघर सोडलं आणि दुकान धरलं. तिथली मांडणी मी झोपेतही सांगेन.

पुढची तपासणी नीट झाली तरच एकटीने राहायची परवानगी मिळणार होती. मॅडमनी शब्द दिले: चष्मा, घोडा, कोथिंबीर, खुर्ची, नदी. मी वांग्याला चष्मा घातला. मेथीत घोडा सोडला, खुशाल चरू दिला. कोथिंबिरीला जागा शोधावीच लागली नाही, ती दुकानात होतीच. खुर्ची कांद्यांवर ठेवली, नदी बटाट्यांतून नेली. मग मॅडमनी चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले. टेबलाखाली माझे पाय थांबेनात.

“आता मघाचे शब्द सांगा.”

“चष्मा, घोडा, सांभार…”

मॅडमचं पेन थांबलं. “सांभार यादीत नव्हता.”

वाटलं, गेलं सगळं.

मागे बसलेली सुनीता ताडकन उठली. “काहून नव्हता? आमच्या इकडे कोथिंबिरीले सांभारच म्हनतेत, मॅडम! तुमाले इडलीसंगचा वाटला का?”

मॅडम हसतच सुटल्या. “म्हणजे वस्तू जागेवर आहे, नाव तेवढं तुमचं आलं. बरोबर धरते. पुढे?”

“खुर्ची, नदी,” मी विसरायच्या आत सांगून टाकलं.

परवानगी मिळाली: दुपारी थोडा वेळ, आणि शेगडी आपोआप बंद होणारी, विजेची. सुनीता धामणगावला परत गेली. निघताना ती रडली, मीही रडले. जिच्यावर एवढी वैतागले, तिच्याच तोंडाळपणाने मला माझं घर परत मिळालं. तिचे उपकार मी कुठल्याच जागी मांडून ठेवलेले नाहीत; तरी ते विसरत नाही.

त्या दुपारी मी घरात एकटी. चहा केला. थोड्या वेळाने आठवेना, प्याले की नाही? जीव कासावीस झाला. कुणाला विचारू? कुणीच नव्हतं. कुणी नसावं म्हणून तर एवढी धडपड केली होती! मग उठले आणि चहा टाकला. आधी झाला असेल, तर हा दुसरा.