शिजवलेला बटाटा

मीनाबाईंच्या हातची खिचडी खाऊन उचगावातल्या निम्म्या पोरांना मिशा फुटल्या. शाळेच्या खिचडीत बटाटा कधी कच्चा राहिला नाही, हा त्यांचा तोरा. त्या दिवशी तोच नडला.

लेक निशा त्याच शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागली होती. आज मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून तिचा तास बघणार होते. तास जमला तर नोकरी पक्की, नाही तर घरी. तिनं आईकडं प्रयोगाला बटाटा मागितला. आता एवढ्या मोठ्या कामाला पोरीच्या हातात कच्चा बटाटा द्यायचा? मीनाबाईंनी मऊ शिजवून, सोलून दिला आणि स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या.

निशानं परीक्षानळीत जखम धुवायचं औषध ओतलं. "ह्यातून आपोआप वायू सुटत असतो, पण इतका सावकाश की दिसत नाही. आता बटाटा टाकते, बघा."

टाकला. ढिम्म! पोरं खुदखुदली. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं. निशानं उरलेली फोड बोटानं दाबली.

"शिजीवलास व्हय, आई?"

"व्हय की. कच्चा कसा दिऊ?" मीनाबाईंनी कपाळावर हात मारला. आपणच पोरीच्या पोटावर पाय दिला.

पण निशाचा चेहरा उजळला. "पळ, कच्ची फोड आण."

धांदलीत विळीवर बोट कापलं, तरी मीनाबाईंनी फोड आणली. ती औषधाच्या नव्या नळीत पडली मात्र, पांढरा फेस फसफसून वर आला आणि टेबलभर सांडला. पोरं बाकांवर चढली.

"कच्च्या बटाट्यात विकर असतं," निशा म्हणाली. "सावकाश होणारं काम ते झटक्यात करून टाकतं आणि स्वतः खर्च होत नाही. शिजवलं की ते मोडतं. म्हणून ती पहिली नळी गप्प."

मीनाबाई बघतच राहिल्या. जन्म गेला बटाटे चिरण्यात, पण आत एवढी ताकद असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. निशानं त्यांच्या कापल्या बोटावर तेच औषध टाकलं. रक्तावरही तसाच फेस उठला.

"आगं, हितं बी!"

"तुझ्या रक्तात पण तेच हाय, आई."

मीनाबाईंनी एकदा बोटाकडं, एकदा पुढं येऊन उभ्या राहिलेल्या मुख्याध्यापकांकडं बघितलं. "आन् सायबांच्या?"

सगळ्या पोरांच्या माना सायबांकडं वळल्या.

"माझ्या बी, मीनाबाई," मुख्याध्यापक म्हणाले. "आन् पुढल्या वर्षी मॅडमना बटाटा कच्चाच द्या."