काळाचौकीतल्या दाढ्या

स्वतःच्या चालत्या धंद्यावर स्वतःच टाळ्या वाजवून पाणी सोडणारा माणूस काळाचौकीत एकच होऊन गेला, तो म्हणजे गणपत. चाळीच्या जिन्याखाली त्याचं सलून. एक खुर्ची, एक आरसा आणि दाढीला बसणारी अख्खी चाळ. छप्पन साली मुंबई महाराष्ट्राला नाकारली गेली तशी चाळीच्या चौकात सभा भरली. गिरणीतला धोंडू, गणपतचा गाववाला आणि त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, टेबलावर चढून गरजला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळत नाही तोवर दाढीला वस्तरा लावणार नाय!" पाठोपाठ पस्तीस-चाळीस हात वर झाले. सगळ्यात जोरात टाळ्या गणपतने वाजवल्या. आपण कशाला टाळ्या वाजवल्या हे रात्री जेवायला बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आणि घास हातातच राहिला.

सहा महिन्यांत दुकान ओस पडलं. केस कापायला माणूस महिन्यातून एकदा येतो, पोट चालायचं ते दाढीवर. धोंडू मात्र ऐटीत समोरून जायचा, छातीवर रुळणारी दाढी कुरवाळत. तिच्यात डाव्या अंगाला पांढऱ्या केसांचा एक ठसठशीत पट्टा उतरला होता. शपथ मोड, असं त्याला सांगायला गणपतची जीभ उचलत नव्हती, कारण मुंबई त्यालाही हवीच होती. गंमत बघा, सगळी चाळ मुंबईसाठी भांडत होती आणि मुंबई सुटायची वेळ आली ती एकट्या गणपतवर. गणपतींचं विसर्जन झालं की गावी जायचं, ते कायमचंच, असं नवरा-बायकोत ठरलं. शेवंतीने डोळे पुसत पत्र्याची ट्रंक भरून ठेवली.

त्या गणेशोत्सवात मंडळाचं ऋषिमुनींचं नाटक होतं. पडदा उघडायला तीन तास असताना सेक्रेटरी राजाराम घामाघूम होऊन दुकानात घुसला. गिरगावातून भाड्याने आणलेलं गाठोडं सोडलं, तर आत दाढ्यांच्या जागी बायकांची गंगावनं! बदलून आणायला माणूस धावला, तर तिकडे दुकानाला कुलूप.

"धोंडूला उभा करा की. दाढी आहे त्याला," गणपत म्हणाला.

"केला रे! सभेत तेवढा वाघ. पाठ केलेलं बोलायचं म्हटल्यावर बोबडी वळली मेल्याची. आता तूच कायतरी कर."

"मी न्हावी आहे, राजाराम. मी केस काढतो. लावायचं काम माझं नव्हे."

शेवंती बाजूला बसून वेण्या बांधत होती. फुलांच्या वेण्या करून ती बाजारात द्यायची. तिने गाठोड्यातलं एक गंगावन ओढलं, गणपतच्या कात्रीने कचकन कापलं आणि त्यातली एक बट मलमलीच्या पट्टीवर बांधली.

"अगो, भाड्याचं आहे ते!" राजाराम किंचाळला.

"अहो, फुलाला मारते तीच गाठ," ती नवऱ्याला म्हणाली. "धरतेय बघा."

गणपतने ती बट ओढून पाहिली. सुटेना! त्याच्या अंगात वीज शिरली. खुर्ची भिंतीकडे सरकवून तो जमिनीवरच बसला. दाढी हनुवटीला दाट असते, गालाकडे विरळ होते, गळ्यापाशी उलटी वळते, हे वीस वर्षं चेहऱ्यांवरून हात फिरवलेल्या माणसाला कोणी शिकवायला हवं होतं का? शेवंती गाठी मारी, तो कात्रीने वळण देई. डिंकाने चिकटवलेली पहिली दाढी ऋषींच्या तोंडावर बसली तेव्हा तिसरी घंटा वाजत होती. ऋषी शाप द्यायला तावातावाने पुढे आले, दाढी गदगदा हलली, पण जागची सुटली नाही. विंगेत गणपत लहान पोरासारखा उड्या मारत होता.

दुसऱ्या दिवशी गिरगावातला कपडेपटवाला भांडायला आला. गंगावनांची दशा पाहून त्याने तोंड उघडलं, मग दाढी हातात घेतली, उलटी केली, उजेडात धरली, आणि भांडायचं सोडून खाली बसला. जाताना एक डझनाची ऑर्डर देऊन गेला. शेवंतीने ट्रंकेतले कपडे काढून खुंटीला लावले. पुढे परळ-लालबागची मंडळं आली, कामगारांची नाटकं आली. ट्रंकेत आता दाढ्या, मिशा आणि टोप राहू लागले.

आणि साठ सालचा एक मे उजाडला! सकाळपासून ढोल, गुलाल, पेढे आणि गणपतच्या दुकानापासून कोपऱ्यापर्यंत दाढीवाल्यांची रांग. खुर्ची पुन्हा आरशासमोर आली होती. पहिला मान धोंडूचा. गणपतने वस्तऱ्याला धार लावली, पण त्याला समोरचं दिसेना. चार वर्षांनी हा गाल हाताला लागत होता.

"रडतोस काय मेल्या? मुंबई आपली झाली!" धोंडू म्हणाला आणि स्वतःच रडायला लागला.

खाली पडलेले केस शेवंतीने हळूच उचलून धुतले.

दिवेलागणीला चौकात तेच ऋषींचं नाटक लागलं. धोंडू गुळगुळीत तोंडाने पहिल्या रांगेत. ऋषी शाप द्यायला पुढे आले, आणि त्यांच्या डाव्या अंगाचा पांढरा पट्टा बत्तीच्या उजेडात झळकला. धोंडू ताडकन उभा राहिला. "अरे, ही माझी दाढी!"

मंडपात असा हशा उसळला की शाप वाहून गेला. अंक पडताच धोंडू विंगेत घुसला. "दे परत! चार वर्षं सांभाळलीय मी ती."

गणपतने दाढी निवांतपणे ट्रंकेत ठेवली आणि झाकण लावून वर बसला.

"दाढीनेच मला उपाशी मारलं, आणि मुंबईतही दाढीनेच ठेवलं," तो म्हणाला. "मुंबई सगळ्यांची, धोंडू. दाढी माझी."