माझ्या दोन सुन्नत आणि मागचे अकराजण

आयुष्यात मी एकदाच इमामत केली, म्हणजे पुढे उभं राहून इतरांना नमाज पढवली, आणि आपण ती करतोय हे मला सगळ्यांत शेवटी कळलं.

झालं असं की, माझे सासरे दाभोळहून गुडघा दाखवायला आमच्याकडे रत्नागिरीला आले होते. पस्तीस वर्षं त्यांनी मदरशात मुलांना शिकवलं. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, फर्ज (सक्तीच्या) नमाजेआधी दोन रकात, म्हणजे दोन आवर्तनं, सुन्नत असतात. सक्तीच्या नाहीत, ज्याने त्याने आपल्या हौसेने पढायच्या. पण सासऱ्यांनी त्या कधी चुकवल्याचं कुणाला आठवत नाही. वादळात गावची कौलं उडाली तेव्हासुद्धा ते आधी दोन सुन्नत पढले आणि मग कौलं शोधायला गेले म्हणे. माझं म्हणाल, तर मी पाटबंधारे खात्यात कारकून. फजरला मी गाढ झोपलेला असतो. हे सासऱ्यांना माहीत नव्हतं, कारण माझी बायको शमीम गेली बारा वर्षं फोनवर बापाला सांगत आली होती, "हो अब्बा, हे रोज जातात."

त्या पहाटे तिने मला तिसऱ्यांदा गदागदा हलवलं.

"उठा ओ! अब्बा कधीच गेले मशिदीत. माझी अब्रू जायची!"

मी कसाबसा हातपाय-तोंड धुऊन वजू करून धावत सुटलो. मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची आमची मशीद बंदरापासून पाच मिनिटांवर. पोचलो तर जमात, म्हणजे सामुदायिक नमाज, उभी राहिलेली. धापा टाकत शेवटच्या सफेत, म्हणजे रांगेत, शिरलो. फर्ज मिळाली, आधीच्या दोन सुन्नत राहिल्या.

शेवटचा सलाम फेरून नमाज संपल्यावर मंडळी हळूहळू पांगली. इमामसाहेबही गेले. उरलो मी आणि कोपऱ्यात खुर्चीवर तसबीह, म्हणजे जपमाळ, घेऊन बसलेले सासरे. आम्ही कोकणातले शाफई पंथाचे, त्यामुळे राहिलेल्या सुन्नत फर्जनंतर लगेच भरून काढता येतात. एरवी मी ही सवलत कधी वापरली नव्हती (सुन्नत राहिल्या हे कळायला आधी जाग यावी लागते). पण आज सासरे बघत होते. म्हटलं, जावई किती काटेकोर आहे ते त्यांना नीट दिसू दे. म्हणून कोपरा सोडून पार पुढे गेलो आणि इमामाच्या रिकाम्या जागेमागे, बरोबर मधोमध उभा राहिलो. सगळा घोळ या मधोमध उभं राहण्यामुळे झाला.

हात बांधले आणि मनातल्या मनात सुरुवात केली, तोच उजव्या खांद्यावर एक भारी हात पडला. डिझेल आणि ओल्या दोरखंडाचा वास आला.

नमाज माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. जमात चुकलेल्या माणसाला पुढे कुणी नमाज पढताना दिसला, तर तो त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि त्याला इमाम करून मागे उभा राहतो. पुढच्याला नमाजेत बोलता येत नाही, की वळून बघता येत नाही. 'अहो, मी फर्ज नाही, राहिलेल्या सुन्नत पढतोय' हे सांगायचं कसं? मागे पावलं वाजत राहिली. एक, दोन, मग बरीच. मग कुणीतरी खाकरलं. मी गप्प. पुन्हा खाकरलं, या वेळी जरा रागाने. फजरला इमाम मोठ्याने पढतो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी आवाज काढला आणि फातिहा, म्हणजे कुराणातला पहिला अध्याय, पुरी केली.

मागून आमीन आलं.

आमीन मी जन्मभर ऐकलंय, पण सफेत उभं राहून. पुढे उभं राहून कधीच नाही. त्या आवाजाने माझ्या पाठीवर काटा उभा राहिला. हे कोण लोक, कुठून आले, ठाऊक नाही. पण वासावरून तरी रात्रभर दर्यात राहून आलेल्या या माणसांनी आपली पहाट माझ्यासारख्या झोपाळूच्या हाती दिली होती.

दुसऱ्या रकातीत रुकूतून, म्हणजे कमरेतून वाकून, उठलो आणि सवयीने सज्द्याला, जमिनीवर कपाळ टेकायला, वाकू लागलो, तर मागून एकदम "सुब्हानल्लाह!" म्हणजे इमामसाहेब, चुकताय. काय चुकलं? कुनूत! आम्हा शाफईंची फजर, तिथे उभ्यानेच हात पसरून दुआ मागायची. आता माझा धीर सुटला. मनात म्हटलं, या अल्ला, जाऊ दे त्या सुन्नत, आता ही फर्जच समज. हात पसरले. पहिली दोन वाक्यं आली, पुढे मी कुठल्या दुआत शिरलो ते मलाच माहीत नाही. आमीन मात्र तेवढ्याच जोरात येत राहिलं.

सलाम फेरून वळलो. अकराजण होते. दाभोळच्या एका लाँचवरचे खलाशी. खांद्यावर हात ठेवणारा त्यांचा तांडेल, लाँचेचा म्होरक्या, उंच आणि पांढऱ्या दाढीचा.

"मशीन बंद पडली ओ वाटेत, म्हणून जमात चुकली," तो म्हणाला. "बरं झालं तुम्ही होतात. आवाज गोड हाय तुमचा."

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण 'आवाज गोड हाय' ऐकल्यावर मी नुसता मान डोलवत बसलो. ते मासळी उतरवायला निघून गेले.

कोपऱ्यातून सासऱ्यांनी हाक मारली. "इरफान, फर्ज तर तुम्ही आमच्याबरोबर पढलात. मग ही कुठली?"

"सुन्नत, अब्बा. राहिलेल्या."

"सुन्नतमध्ये कुनूत?"

"मधेच नियत बदलली," मी पुटपुटलो.

त्यांनी तसबीह थांबवली. "त्या लोकांना सांगितलंत?"

खिडकीबाहेर तांबडं फुटलं होतं. सूर्य उगवला की फजरची वेळ संपणार, आणि अकराजणांची नमाज माझ्यापायी बुडणार. मी पायात मिळेल ती चप्पल अडकवून धूम ठोकली. (दोन्ही डाव्या पायाच्या होत्या.)

धक्क्यावर लिलाव नुकताच सुरू झाला होता. टोपल्या, बर्फ, ओरडा. त्या गर्दीत मी तांडेलासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "माफ करा. मी इमाम नाय. मी माझ्या राहिलेल्या सुन्नत पढत होतो. तुमची फजर झाली की नाय, मला माहीत नाय."

वाटलं, आता हा मला उचलून खाडीत टाकणार. त्याने फक्त आभाळाकडे बघितलं, खांद्यावरचा पंचा काढून ओल्या धक्क्यावर अंथरला आणि हाक दिली, "ठेवा रे सगळं. नमाज ऱ्हायली."

बाकीच्या दहा जणांनी हातातल्या टोपल्या जिथल्या तिथे ठेवल्या. लिलाव चालू, गिऱ्हाईक समोर उभं, डोक्यावर कावळे. तरी एकानेही कुरकुर केली नाही, माझ्याकडे वाकडं बघितलं नाही. मी बघतच राहिलो. अशी माणसं मी आमच्या मोहल्ल्यातही कमीच पाहिली आहेत.

तेवढ्यात काठी टेकत, दुखरा गुडघा ओढत सासरे आले.

"थांबा, थांबा! तुमची झाली नमाज. पुढच्याच्या मनात काय चाललंय ते मागच्याला कसं कळणार? तुमच्यावर काही नाही."

"मग मला कशाला पळवलंत, अब्बा?"

"मी कुठे पळवलं? मी विचारलं सांगितलंत का. पुढचं ऐकायला तुम्ही थांबलात कुठे?"

खलाशी पोट धरून हसले. तांडेलाने पंचा झटकला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "सांगायला आलात, हेच खूप झालं."

वाटेत हळूच विचारलं, "अब्बा, आणि माझी?"

"तुमची नाही झाली. मधेच नियत फिरवली की नमाज तुटते. सूर्य जरा वर येऊ दे, मग पढा."

म्हणजे अकराजणांची फजर बिनचूक पार पडली, नापास झाला तो एकटा इमाम. ऊन वर आल्यावर मी घरी पुन्हा नियत बांधली. या वेळी मागे कुणी उभंच राहू शकणार नाही अशी जागा शोधली, कपाटाला पाठ लावून. दर रुकूला कपाटाचं दार धाडकन वाजायचं, आणि स्वयंपाकघरातून शमीम विचारायची, "कोण आलंय ओ?"