घोरते म्हणजे मस्त झोपते!

"ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया," नागपूरचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझा नवरा खुर्चीत सरळ होऊन बसला आणि मी रडायला लागले. डॉक्टरांना वाटले मी घाबरले. मी घाबरले नव्हते, मला आनंद झाला होता. दोन वर्षे मी स्वतःला आळशी समजत होते आणि हा माणूस सांगत होता की मी आजारी आहे.

त्यांनी सोपे करून सांगितले. झोपेत घशातला श्वासाचा रस्ता मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकवून जागे करतो, मग श्वास पुन्हा सुरू होतो. माझ्या बाबतीत हे तासाला तीसपेक्षा जास्त वेळा होत होते. "तुम्ही सात तास अंथरुणात असता, झोपत नाही," ते म्हणाले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. भंडाऱ्यापलीकडच्या आमच्या गोरेगावहून बारा किलोमीटरवर शाळा, रोज स्कूटीने जायचे. सकाळी उठले की डोके जड, दुपारी हजेरीपटावरच डोळे मिटायचे. रक्त तपासले, थायरॉइड तपासले, लोहाच्या गोळ्या खाऊन तोंडाची चव गेली.

प्रत्येक डॉक्टरने झोपेचे विचारले होते. पण आमच्याकडे पेशंटने गप्प बसायचे आणि सोबत आलेल्याने बोलायचे, अशी रीत. आमचे हे छाती फुगवून सांगत, "झोप एकदम मस्त आहे जी, घोरते ना!" व्यायाम? "वावरात धानाची रोवणी करते, आखीन काय पायजे?" मीही मान हलवायची. घोरणे म्हणजे गाढ झोप, यात आम्हा दोघांनाही शंका नव्हती.

मग एका दुपारी शाळेतून येताना स्कूटी चालवतानाच डोळा लागला आणि मी रस्ता सोडून धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. गुडघाभर चिखल, लागले काही नाही. पण ह्यांनी त्याच दिवशी किल्ली काढून घेतली. शाळेच्या वेळेला बस नाही. शेतीची कामे टाकून हे मला सोडायला-आणायला यायचे, पण ते किती दिवस चालणार? शेवटी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवला. सत्र संपताना द्यायचा, असे ठरले. बावीस वर्षांची नोकरी, माझी आवडती पोरे, आणि कारण काय, तर मॅडमला झोप येते. फार लाज वाटायची.

त्याच सुमारास शिक्षकांसाठी इंग्रजी संभाषणाचे प्रशिक्षण लागले. जोड्या पाडून हातात कार्डे दिली. आमच्या कार्डावर विषय होता झोप आणि व्यायाम. माझे जोडीदार पटले सर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अतिशय सरळ माणूस. उत्तरे खरी द्यायची, पाठ केलेली नाहीत, असे प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी बजावले होते.

"डू यू फील फ्रेश इन द मॉर्निंग?" सरांनी कार्ड वाचले.

मराठीत हे मला कुठल्या पुरुष सहकाऱ्याने विचारले नसते आणि मी सांगितलेही नसते. इंग्रजीत मात्र संकोच कमी झाला. दुसऱ्याची साडी नेसल्यासारखे वाटत होते. मी म्हणाले, "नो सर. नेव्हर फ्रेश."

पुढचा प्रश्न वाचताना सरांचे कान लाल झाले. "डू यू स्नोअर?"

"येस. व्हेरी लाऊड. देन माय ब्रेथ स्टॉप. माय हजबंड टेल जोक."

सगळा वर्ग हसला. पटले सर हसले नाहीत. त्यांनी कार्ड खाली ठेवले आणि सरळ आपल्या बोलीत आले. "मॅडम, हे हासाची गोष्ट नाही जी. माह्या मोठ्या भावाले असंच होत होतं. तुमी नागपूरले जा. कायले वाट पाहता?"

आम्ही गेलो. पॉलिसोम्नोग्राफी नावाची तपासणी झाली, म्हणजे डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून एक रात्र तिथे झोपायचे. दुखत काही नाही. केसातला चिकट लेप मात्र दोनदा न्हाल्यावर निघाला.

उपचार म्हणजे सीपॅप, नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारे यंत्र. पहिला आठवडा मी ते रोज काढून फेकले. हे म्हणाले, "पायलटवानी इमान उडवून राहिली का?" मी म्हटले, तुम्ही लावून दाखवा. मास्क लहान मागवला, तेव्हा जमले. दहाव्या दिवशी गजर वाजायच्या आधी जाग आली. चहा ठेवला, आणि आपण गुणगुणतो आहोत हे लक्षात आले.

व्यायामाचेही पितळ उघडे पडले. "रोवणी वर्षातून किती दिवस?" डॉक्टरांनी विचारले होते. पंधरा-वीस. "आणि बाकीचे?" "बाकीचे दिवस शाळेत शिकवते जी," हे म्हणाले. मग मी रोज सकाळी पाऊण तास चालू लागले. बायका विचारत, "बाई, काऊन पायी जाऊन राहिल्या? गाडी बिघडली का?" मी सांगायची, "मीच बिघडली होती, आता सुधरून राहिली."

तीन महिन्यांनी पुन्हा नागपूर. डॉक्टरांनी सवयीने ह्यांच्याकडे पाहून विचारले, "झोप कशी आहे?" ह्यांनी तोंड उघडले, पण मी म्हणाले, "मी सांगते." आणि सांगितले, सगळे, न थांबता. यंत्रातल्या नोंदी पाहून ते म्हणाले, आता तासाला दोन-तीन वेळाच. "यू कॅन ड्राइव्ह." मी त्यांना ते दोनदा म्हणायला लावले.

परतीच्या गाडीत ह्यांनी मला खिडकीजवळ बसवले. मग म्हणाले, "तुहा आवाज बंद पडे तं मी उठून बसू. भेव लागे. म्हून हासत होतो लोकाइत." आणि भंडारा यायच्या आत ते बसल्या जागी झोपून गेले. दोन वर्षे या माणसाचीही झोप झाली नव्हती.

पटले सरांचे उपकार मी कधी विसरणार नाही. तुमच्या घरी कोणी घोरत असेल तर हसू नका, श्वास थांबतो का ते बघा. आणि डॉक्टरांसमोर पेशंटला बोलू द्या.

सोमवारी स्कूटी मी चालवत गेले. सगळे तास उभी राहून घेतले. संध्याकाळी घरी आले, अंगणातल्या चुलीवर हातपाय धुवायला पाणी ठेवले आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तिच्यात घातला. कागद चांगला होता, लगेच पेटला.