भिंगाचा डोळा

दवाखान्यात सगळे तिला चष्मेबाई म्हणायचे. तिला स्वतःला नंबरचा चष्मा नव्हता. फिजिओथेरपीच्या मागच्या खोलीत दुखण्यावर लेझर द्यायचं मशीन होतं, ते ती चालवायची. एका मोर्चात माझा खांदा निखळला, बसवल्यावरही हात वर जाईना, म्हणून मी तिच्या ताब्यात आले. आल्या आल्या भांडण.

"चष्मा लावा."

"अहो, खांदा दुखतोय, डोळे नाही."

"म्हणूनच लावा. डोळे दुखायला लागले की माझ्याकडे औषध नाही."

मला असं कुणी गप्प केलेलं खपत नाही. पण मी बघत राहिले, कारण बोलता बोलता तिचं काम चालूच होतं. दाराबाहेरचा लाल दिवा लावला. आतून कडी. बेसिनवरच्या आरशावर जाड कापड टाकलं, स्टीलच्या ट्रेवरही. माझं घड्याळ आणि बांगडी काढून घेतली. चकचकीत वस्तूवरून किरण उलटतो आणि कुणाच्याही डोळ्यात जातो, म्हणाली. मग स्वतःचा चष्मा, माझा चष्मा, आणि सगळ्यात शेवटी मशीनची किल्ली. पाय पेडलवर असेल तेवढाच वेळ किरण चालू. हातातलं टोक ती एका जागी कधी थांबवायची नाही, इस्त्रीसारखं फिरवत राहायची.

"तो लाल ठिपका म्हणजेच लेझर ना?"

"तो नुसता वाट दाखवतो. खरा किरण दिसतच नाही. दिसला असता तर तुम्ही आपोआप डोळा मिटला असता, मला घसा फोडावा लागला नसता. हा आत जाऊन जाळतो आणि डोळ्याला पत्ताही लागत नाही, मोर्चेवाली."

तेव्हापासून मी मोर्चेवाली. खांदा बरा झाला तरी मी तिच्याकडे जात राहिले. आमची दोघींची जीभ सारखीच तिखट, त्यामुळे जमलं.

तिचे बाबा घड्याळजी. रस्त्याला लागून हातभर दुकान, मागे दोन खोल्या. उजव्या डोळ्यात भिंग अडकवून ते टेबलावर वाकले की डावा डोळा घट्ट मिटायचा आणि उजवा उघडा तो उघडाच. समोर फुंकरीने उडेल एवढा स्क्रू असायचा. पापणी हलली तर गेला, म्हणायचे. आयुष्यभर तसं बसून त्यांचा चेहराच तसा झाला होता. कुणाशी मन लावून बोलतानासुद्धा डावा डोळा बारीक व्हायचा. मी गेले की, "आली का तुझी मोर्चेवाली? हिला सांग, माझ्या दुकानात घोषणा नकोत, काटे घाबरतात."

मग त्यांच्या कपाळावर नागीण उठली. उजव्या भुवईपासून वर केसांपर्यंत. फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि दुखणं तेवढं मागे राहिलं. साधं दुखणं नव्हे. पंख्याचा वारा लागला तरी कळवळायचे. उशीला कपाळ टेकवत नसत, बसूनच डोळा लागेल तेवढी झोप. गोळ्यांनी गुंगी यायची आणि हात थरथरायचे, थरथरत्या हाताला कोण घड्याळ देणार? दुकानाचं दार बंद राहू लागलं. एकदा मी बसलेली असताना ते भिंतीवर डोकं आपटायला लागले. घोषणा, लाठ्या, सगळं पाहिलंय मी, पण तो आवाज अजून कानातून जात नाही.

"तू सगळ्या जगाची दुखणी काढतेस," ते लेकीला म्हणायचे, "मी काय पाप केलं?"

तिने दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "डोळ्याच्या इतक्या जवळ नाही. विषय संपला." त्यांनी औषध बदललं. चष्मेबाईने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. ते खरं होतं, म्हणून तर तिला झोंबलं. बाहेरच्या बाकावर येऊन मला म्हणाली, "सकाळी एका बाईची टाच मोकळी केली. तिने माझ्या हातांचे मुके घेतले. मला ते हात कापून टाकावेसे वाटले."

एका दुपारी खोली रिकामी असताना ती बाबांना घेऊन आली. नियम मोडायलाच आली होती, हे तिने नंतर माझ्यापाशी कबूल केलं. लाल दिवा, कडी, आरशावर कापड. सवयीने सगळं केलं. मग त्यांना चष्मा लावायला गेली आणि बाबा किंचाळले. चष्म्याची रबरी कड बरोब्बर दुखऱ्या भुवईवर बसत होती. त्यांनी चष्मा भिरकावला.

"चष्म्याशिवाय लाव. मी डोळे मिटतो."

"पापणीवर भरवसा नाही, बाबा."

"माझ्यावर आहे ना?"

तिचा पाय पेडलपाशी होता. बाबांचं कपाळ समोर, हातात ते टोक. तिने पाय मागे घेतला, किल्ली काढली आणि मुठीत धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

"जमत नाही तर तसं सांग," बाबा म्हणाले. "नियम कशाला सांगतेस बापाला?"

त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. तिने ताट ठेवलं की हे तोंड फिरवायचे.

तिचा दादा मालाची गाडी चालवतो, आठवड्याचे बरेच दिवस बाहेर. घरी आला, बापाची अवस्था पाहिली आणि उसळला. "तू नियम सांभाळ, मी बाप सांभाळतो," म्हणाला आणि बाबांना गाडीत घालून बाजारात नेलं. तिथे एका गाळ्यात एकजण हातातल्या लेझरने कंबर, गुडघे, दात, काय म्हणाल ते बरं करायचा. पांढरा कोट होता, चष्मे नव्हते. "डोळे मिटून बसा, बस्स," एवढंच त्याने सांगितलं.

संध्याकाळी बाबा जेवले. लेकीला म्हणाले, "बघ. झालं की नाही?" किती दिवसांनी तिच्याशी बोलले! तिने आणखी एक पोळी वाढली.

सकाळी त्यांनी दुकान उघडलं, भिंग लावलं आणि तिला हाक मारली.

"या घड्याळाचे काटे कुणी काढले?"

काटे जागेवर होते.

"आकडे दिसतात," बाबा म्हणाले, "कडेकडेचे सगळे. मधे कुणीतरी बोट ठेवल्यासारखं झालंय. बोट काढ म्हणावं."

"काल डोळे मिटले होते ना तुम्ही?"

"मिटले होते की."

"कसे? मला दाखवा."

त्यांनी दाखवलं. डावा डोळा घट्ट मिटला, उजवा सताड उघडा. त्यांच्या लेखी डोळे मिटणं म्हणजे हेच होतं.

"त्या यंत्राच्या टोकाला भिंग होतं," ते हळूच म्हणाले. "एवढंसं. कसं बसवलंय ते बघत होतो."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या मधोमध भाजलंय. वाट बघा, फार आशा धरू नका. मी त्या गाळ्यावर गेले. अशा ठिकाणी मी आधी आवाज चढवते, कारण नंतर कुणी ऐकत नाही. कोटवाला शांतपणे म्हणाला, "आम्ही डोळे मिटायला सांगितलं होतं." सांगितलंच होतं मेल्याने! तक्रार केली, गाळ्याला टाळं लागलं, आणि दोन गल्ल्या पलीकडे त्याच कोटात तो पुन्हा उभा राहिला. मी तिथेही गेले. जात राहीन. पण त्यामुळे डोळा परत येणार नाही, हे मला माहीत आहे आणि त्यालाही.

दादा घरात कुणाच्या नजरेला नजर देत नाही. चष्मेबाईच्या डोक्यात एकच भुंगा. मला म्हणाली, "मी नाही म्हटलं म्हणून ते तिकडे गेले. हो म्हटलं असतं तर माझ्या हाताने झालं असतं. सांग, कुठून सुटायचं होतं मी?"

परवा गेले तर बाबा दुकानात बसलेले. कपाळ पुन्हा पेटलं होतं, त्या गाळ्यातला आराम चार दिवसही पुरला नव्हता.

"पोरी, आता तरी लाव तुझं मशीन," ते म्हणाले. "आता काय राखायचंय?"

"डावा आहे."

"डाव्याने मी आयुष्यात घड्याळ बघितलं नाही."

"मग बघा."

"पुन्हा नाहीच म्हणतेस?"

"नाहीच म्हणते."

मला वाटलं, आता भिंग फेकणार. त्यांनी ते डाव्या डोळ्याला लावलं. पण उजवा मिटेना. तो चेहरा तसा घडलेलाच नव्हता. डावा मिटायचा, उजवा उघडायचा, भिंग टेबलावर पडायचं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. शिवी हासडली.

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. उजव्या डोळ्यासमोर तळहात धरला, कपाळाला चुकून लागणार नाही इतका लांब. हात अवघडला तसा दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला.

"दिसले काटे?"

"थांब," बाबा म्हणाले. "हात हलवू नकोस."